कलकत्त्याच्या वाटेवरचे लाकडी पिस्तूल

निवडणूक जाहीर झाली की आमच्या सिंधुदुर्गात पोलीस ठाण्याच्या आवारात एक निराळीच रांग लागते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेले शेतकरी खांद्यावर बंदुका घेऊन उभे असतात. या बंदुका शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या. माकडे, रानडुकरे आणि अलीकडे गवे, यांच्यापासून भात, नारळ आणि काजू राखण्यासाठी दिलेल्या. मतदान होईपर्यंत त्या सरकारजमा करायच्या, नंतर पावती दाखवून परत न्यायच्या. त्यांतल्या कित्येक आजही ठासणीच्या असतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, वर छरे, गजाने ठासायचे, मागच्या नळकुंडीवर तांब्याची टोपी बसवायची आणि मग एक, फक्त एक, बार काढायचा. तेवढ्यात माकडांची टोळी पुढच्या वाडीत पोचलेली असते.

मध्यंतरी माझा एक भाचा सुटीत घरी आला होता. शहरातल्या रायफल क्लबात तो नेमबाजी शिकतो. ०.२२ बोअरच्या पिस्तुलाने त्याची हौस भागेनाशी झाली होती आणि मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर घ्यावे असे त्याच्या मनाने घेतले होते. कोणते घ्यावे, हे त्याने मला विचारले. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. शाखेच्या पहारेकऱ्याकडची बारा बोअरची बंदूक आणि तिची काडतुसे महिन्यातून एकदा मोजून रजिस्टरवर सही करणे, एवढाच माझा शस्त्रांशी संबंध. पण प्रश्न डोक्यात राहिला. मोठा बोअर कशासाठी? तो प्रथम कोणी मागितला आणि त्याची किंमत कोणी मोजली? या प्रश्नांचा माग काढीत गेले की आपण सॅम्युअल कोल्टच्या दारात येऊन उभे राहतो, आणि गंमत अशी की त्या दाराची एक पायरी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आहे.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड गावी झाला. वडील व्यापारी; कधी वर तर कधी पार तळाशी. सॅम सहा-सात वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. अकराव्या वर्षी त्याला एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवले. तिथे त्याच्या हाती विज्ञानाचा एक जाडजूड माहितीकोश लागला आणि बंदुकीची दारू, वीज, स्फोट या विषयांनी त्याला जे झपाटले ते मरेपर्यंत. १८२९ साली, वेअर गावातल्या तळ्यात एक तराफा आपण दारूने उडवून दाखवणार आहोत अशी जाहिरातच या जवळजवळ पंधरा वर्षांच्या पोराने केली. गाव जमले. तराफा राहिला बाजूला. पाणी आणि चिखल मात्र सुटीचे कपडे घालून आलेल्या लोकांच्या अंगावर उडाला. पुढे शाळेत आतषबाजीचे प्रकरण अंगाशी आले आणि शाळा सुटली. असल्या मुलाचे काय करायचे हे ठरवायला कोकणातल्या बापाला जसा फार विचार करावा लागत नाही, तसा तोही करावा लागला नाही. त्याला बोटीवर पाठवला.

२ ऑगस्ट १८३० रोजी बोस्टन बंदरातून ‘कॉर्व्हो’ नावाची बोट कलकत्त्याला निघाली. तिच्यावर सोळा वर्षांचा सॅम खलाशी म्हणून होता. बोटीवर काही मिशनरीही होते. त्या काळी बोस्टन आणि हिंदुस्थान यांच्यात बरीच ये-जा असे. आपल्या मुंबई-अहमदनगरकडची अमेरिकन मराठी मिशनही बोस्टनच्याच संस्थेची, आणि पुढे तीनच वर्षांनी, १८३३ साली, बोस्टनहून निघालेल्या बोटीतून कलकत्त्याला चक्क बर्फ आला. तर या लांबच्या प्रवासात सॅमने चाकूने लाकूड तासून एक नमुना केला. मध्ये फिरणारे नळकांडे, त्यात गोळ्यांची घरे, पुढे नळी. बोटीचे सुकाणूचे चक्र फिरवावे तिथे नेमके अडते, किंवा नांगर ओढण्याचा रहाट एका दिशेने फिरतो आणि खिट्टीमुळे मागे येत नाही, हे पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. सुकाणू की रहाट, यावर चरित्रकारांचे एकमत नाही. मालवणच्या दांडीवर होड्यांत वाढलेल्या कुणालाही विचारले तर तो रहाटाच्याच बाजूने कौल देईल. कारण कोल्टच्या सगळ्या शोधाचे मर्म त्या खिट्टीत आहे.

फिरत्या नळकांड्याची बंदूक ही कल्पना कोल्टच्या आधीची. एलिशा कॉलियर नावाच्या अमेरिकन माणसाने इंग्लंडमध्ये १८१८ साली तशा चकमकीच्या बंदुका केल्या होत्या. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेत त्या काही जणांकडे होत्या, तेव्हा कलकत्त्यात कोल्टने त्या पाहिल्या असतील अशी शंका काही जाणकार घेतात. तो स्वतः ते नाकारीत असे. पण कॉलियरच्या बंदुकीत नळकांडे हाताने फिरवावे लागे. कोल्टने केले ते असे: अंगठ्याने घोडा मागे ओढला की आतली एक दांडी नळकांड्याला बरोबर एक घर पुढे ढकलते आणि खालून एक खिट्टी वर येऊन ते तिथेच पक्के रोखते. घर नळीच्या अगदी समोर आले पाहिजे. केसभर इकडेतिकडे झाले तर गोळी काठाला घासते, नेम जातो, आणि कधी हातही. आज नेमबाज रिव्हॉल्व्हर विकत घेताना घोडा चढवून नळकांडे हलवून पाहतो, ते या खिट्टीचीच परीक्षा घेत असतो.

नमुना लाकडाचा होता, तो लोखंडात उतरवायला पैसे हवेत. ते कोल्टने कसे मिळवले, हे कर्जप्रकरणे तपासण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याने वाचावे आणि थक्क व्हावे. त्याने आपल्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवले, स्वतःला न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्ता येथील डॉक्टर म्हणून जाहीर केले आणि गावोगाव हास्यवायूचे प्रयोग लावले. तिकीट काढून लोक येत, वायू हुंगत, हसत, नाचत, एकमेकांवर धावून जात. १८३२ पासून जवळजवळ तीन वर्षे हा संसार चालला. कलकत्त्याचा मुक्काम तेवढाच उपयोगी पडला म्हणायचा. त्या पैशातून बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सनसारख्या कारागिरांकडून त्याने नमुने करून घेतले, आणि पिअर्सनची मजुरी वेळेवर देण्याच्या बाबतीत तो कायम आखडता राहिला. १८३५ च्या डिसेंबरात इंग्लंडचे आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेचे पेटंट त्याच्या हाती आले. वय बावीसही पुरे नव्हते.

न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी कारखाना उभा राहिला. भागभांडवल नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे. तिथे निघालेली रिव्हॉल्व्हरे पाच बारांची, लहान बोअरची; सर्वांत मोठे ०.३६, म्हणजे इंचाचे छत्तीस शतांश, साधारण नऊ मिलिमीटर. चाप आत दडलेला असे आणि घोडा चढवला की खाली येई. भरायचे म्हणजे हत्यार निम्मे खोलावे लागे. लष्कराने १८३७ साली परीक्षा घेतली आणि नापसंती दाखवली. कोल्टने अधिकाऱ्यांना मेजवान्या दिल्या. कंपनीचे हिशेब पाहणारा त्याचा नातेवाईक दारूच्या बिलांवरून त्याच्यावर उखडला. फ्लॉरिडात मूळ रहिवाशांशी सरकारचे युद्ध चालू होते, तिथे जाऊन त्याने थोडा माल खपवला. परतताना किनाऱ्याजवळ त्याची होडी उलटली आणि मालाच्या मोबदल्याची सरकारी हुंडी समुद्रात गेली. जीव वाचला. १८४२ मध्ये कारखाना बुडाला.

त्याच वर्षी आणखी वाईट घडले. त्याचा भाऊ जॉन याने न्यूयॉर्कमध्ये पैशाच्या वादातून एका छापखानेवाल्याचा खून करून प्रेत पेटीत भरल्याचा खटला गाजत होता. वकिलांचा खर्च सॅमने उचलला. मृताला पिस्तुलाने मारले असावे असा सरकारपक्षाचा एक तर्क होता, तेव्हा सॅमने भर न्यायालयात आपले पिस्तूल चालवून, नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी कितपत जाते याचे प्रात्यक्षिक दाखवले. उपयोग झाला नाही. १८ नोव्हेंबर १८४२ रोजी फाशीच्या काही वेळ आधी जॉन कोठडीत छातीत सुरा खुपसलेला सापडला. नंतरची काही वर्षे सॅमने पाण्याखाली विजेने उडणारे सुरुंग करण्यात घालवली. जहाजे उडवून दाखवली, सरकारने टाळ्या वाजवल्या, माल घेतला नाही.

इथे कोल्टची गोष्ट संपायची, पण दूर टेक्सासमध्ये पॅटरसनच्या काही रिव्हॉल्व्हरांनी वेगळीच गोष्ट सुरू केली होती. तिथले कोमांची लोक घोड्यावरून धनुष्याने लढणारे. गोऱ्या सैनिकाने एकबारी बंदूक झाडली की ती पुन्हा भरेपर्यंत कोमांची स्वार बाणांचा वर्षाव करून जात असे. आमच्या ठासणीवाल्या शेतकऱ्याची आणि माकडांची तीच तऱ्हा! १८४४ च्या जूनमध्ये जॅक हेज याच्या पंधरा-सोळा रेंजरांनी पाचबारी रिव्हॉल्व्हरे घेऊन संख्येने कितीतरी अधिक कोमांचींना मागे रेटले. कोमांचींच्या बाजूने पाहिले तर ती भूमी त्यांची होती आणि बाण-भात्याचा काळ त्या दुपारी संपला. कोल्टची चरित्रे हा भाग विजयगाथा म्हणून सांगतात. मला ते जमत नाही.

त्या चकमकीत सॅम्युअल वॉकर नावाचा एक रेंजर होता. १८४६ साली मेक्सिकोशी युद्ध पेटले, वॉकर कॅप्टन झाला आणि वर्षाअखेरीस त्याची आणि कोल्टची गाठ पडली. मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर जन्माला आले ते या भेटीत. वॉकरचे म्हणणे साधे होते. पाच बार पुरत नाहीत, सहा हवेत. लहान गोळीने माणूस थांबत नाही, आणि घोडा तर नाहीच, गोळी ०.४४ ची हवी. चापाला संरक्षक कडी हवी. गोळ्या ठासायची दांडी नळीखालीच जोडलेली हवी, म्हणजे हत्यार खोलायला नको. घोडेस्वाराने खोगिराच्या म्यानात बाळगायचे असल्यामुळे वजनाची फिकीर नव्हती. १८४७ च्या जानेवारीत हजार नगांचा करार झाला. कोल्टकडे कारखाना उरला नव्हता, म्हणून एलाय व्हिटनी याच्या मुलाच्या कारखान्यात ते करून घेतले.

हे ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर भरले साडेचार पौंडांचे, म्हणजे दोन किलोहून थोडे अधिक. नळी नऊ इंचांची. एका घरात साठ ग्रेन दारू मावे. आजवर घडलेल्या हातातल्या दारूच्या हत्यारांत इतके दांडगे क्वचितच झाले. आणि त्याचे दोषही तितकेच दांडगे. त्या वेळच्या लोखंडाला इतका जोर सोसेना. शिपाई घर काठोकाठ भरीत, टोकदार गोळी उलटी बसवीत, आणि नळकांडे फुटे. बाराच्या धक्क्याने खालची दांडी निसटून लोंबे आणि नळकांडे अडकून बसे, म्हणून लोक ती चामड्याच्या वादीने बांधून ठेवीत. खुद्द वॉकरला त्याची जोडी मेक्सिकोत मिळाली ती १८४७ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला. ९ ऑक्टोबरला हुआमांतलाच्या लढाईत तो मारला गेला. जे हत्यार त्याने मागून घेतले ते त्याच्या हातात जेमतेम काही दिवस राहिले.

कोल्ट मात्र शिकला. पुढच्या वर्षी त्याने नळी आखूड केली, घरे लहान केली, वजन थोडे उतरवले. आणि १८५१ च्या सुमारास पुन्हा ०.३६ वर येऊन त्याने ‘नेव्ही’ हे रिव्हॉल्व्हर काढले, सव्वा किलोच्या आतले. गोळी लहान, धक्का कमी, तोल असा की हात लांब केला की नळी आपोआप नजरेच्या रेषेत यावी. इथेच भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. १८६५ च्या जुलैत वाइल्ड बिल हिकॉकने स्प्रिंगफील्डच्या चौकात सुमारे पंचाहत्तर यार्डांवरून प्रतिस्पर्ध्याला एका गोळीत पाडले, ते याच मध्यम बोअरच्या ‘नेव्ही’ने. लष्कराला मोठी गोळी हवीच होती, म्हणून १८६० मध्ये चांगल्या पोलादाच्या बळावर कोल्टने ०.४४ ची गोळी ‘नेव्ही’एवढ्याच सांगाड्यात बसवली. बोअर वाढवायचा तर वजन वाढव किंवा पोलाद सुधार, तिसरा मार्ग नाही, हे गणित तेरा वर्षांत त्याने असे सोडवले.

१८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात कोल्टने आपली रिव्हॉल्व्हरे मांडली. त्याच छपराखाली, पंजाबातून नेलेला कोहिनूरही लोक पाहत होते. १८५३ साली त्याने टेम्सच्या काठी पिम्लिकोला कारखाना काढला. तिथे त्याची गाठ रॉबर्ट ॲडम्सशी पडली. ॲडम्सचे रिव्हॉल्व्हर पाचबारी, पण बोअर मोठा, आणि नुसता चाप ओढला की घोडा चढून बार उडे. कोल्टचे दूरवर नेमके लागे, ॲडम्सचे जवळून माणसाला थोपवी. यावर इंग्लंडातल्या लष्करी वर्तुळात जो वाद झडला तो आजच्या नेमबाजांच्या वादाहून वेगळा नाही. क्रिमियाच्या युद्धात आरमाराने कोल्ट घेतले, पण पुढे पारडे ॲडम्सकडे झुकले आणि १८५६ च्या सुमारास पिम्लिकोचा कारखाना बंद पडला. लगेचच हिंदुस्थानात १८५७ उजाडले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्टही होते आणि ॲडम्सही. समोरच्या शिपायाकडे तलवार आणि एकबारी बंदूक. अंगावर धावून येणारा हिंदी शिपाई लहान गोळीने थांबत नाही, असा निष्कर्ष इंग्रजांनी त्या दोन वर्षांत काढला. पुढे त्यांच्या फौजेत ०.४५५ ची वेब्ली आली, त्यामागे असले अनुभव होते. मोठ्या बोअरचा हा पुरावा आपल्या माणसांच्या देहांवर गोळा झालेला आहे, हे लिहिताना मी थबकतो. बंडानंतर देश निःशस्त्र झाला, १८७८ चा शस्त्रकायदा आला, आणि आमच्या पोलीस ठाण्यातली रांग त्याच कायद्याची नातवंड.

हार्टफर्डला मात्र भरभराट होती. नदीच्या पुराची सखल जमीन स्वस्तात घेऊन कोल्टने बांध घातला, बांध धुपू नये म्हणून त्यावर वाळुंजाची झाडे लावली आणि त्या फांद्यांपासून खुर्च्या विणायला जर्मन कारागीर आणून वसवले. कारखान्यावर निळा कांद्याच्या आकाराचा घुमट चढवला. वेअरच्या तळ्याकाठी चिखल उडालेल्यांत एलिशा रूट नावाचा एक तरुण यंत्रकारागीर होता म्हणतात; तोच आता या कारखान्याचा प्रमुख. प्रत्येक भाग यंत्रावर, एकाचा दुसऱ्याला बसेल असा. एकीकडे रशिया, दुसरीकडे तुर्कस्तान, दोघांनाही नक्षीदार नमुने भेट देऊन दोघांकडून मागणी घ्यायची, ही त्याची रीत. अमेरिकेत यादवीची चिन्हे दिसत असताना, युद्ध पेटेपर्यंत, दक्षिणेच्या गुलामधारी राज्यांनाही त्याचा माल जातच होता. कर्जदार म्हणून मी त्याला नाकारला असता. ठेवीदार म्हणून खुर्ची पुढे केली असती. बँकेतल्या माणसांचे हे असेच असते.

एक चूक मात्र त्याला भोवली. रोलिन व्हाइट नावाच्या त्याच्या जुन्या कारागिराने नळकांडे आरपार भोक पाडून मागून काडतूस भरण्याची कल्पना काढली होती. कोल्टला ती पटली नाही. व्हाइटच्या पेटंटाचा हक्क स्मिथ आणि वेसन यांनी घेतला आणि ठासणीचा जमाना संपवला. कोल्टच्या कंपनीला ०.४५ चे प्रसिद्ध काडतुशी रिव्हॉल्व्हर काढायला १८७३ उजाडले. ते पाहायला तो नव्हता. १८५६ मध्ये त्याने एलिझाबेथ जार्विसशी लग्न केले होते. मुले एकामागून एक दगावली, एक मुलगा जगला. संधिवाताने जर्जर होऊन १० जानेवारी १८६२ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, कोल्ट गेला. मागे दीड कोट डॉलरच्या घरातली संपत्ती होती. १८६४ च्या फेब्रुवारीत कारखान्याला आग लागली. बाईने तो पुन्हा उभा केला आणि १९०५ पर्यंत जगली.

भाच्याला मी शेवटी लिहिले ते असे. पंचवीस मीटरच्या आंतरराष्ट्रीय सेंटरफायर स्पर्धेत बोअर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरच्या मध्येच चालतो. हत्यार १४०० ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, म्हणजे वॉकरसाहेबांचे दोन किलोचे धूड दारातच अडेल. चापाला किमान एक किलोचा ताण लागतो. गोळी मॅग्नम जातीची नको; सपाट तोंडाची शिशाची, कागदावर स्वच्छ गोल भोक पाडणारी, मंद गतीची बरी. समोर दहा गुणांचे वर्तुळ पाच सेंटिमीटरचे. त्याला थोपवायचे नसते, ते कुठे धावूनही येत नाही. सेनादलाच्या ०.४५५ सारख्या बोअरचा परवाना सर्वसाधारण नागरिकाला मिळतही नाही. कानपूरच्या कारखान्यातले रिव्हॉल्व्हर ०.३२ चे असते. इंग्रजांनीसुद्धा दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ०.४५५ सोडून ०.३८ घेतले, कारण थोड्या दिवसांत तयार करायच्या शिपायाला मोठ्याचा धक्का आवरेना. तेव्हा मुठीत नीट बसेल, खिट्टी पक्की असेल आणि शंभराव्या बारालाही मनगट दुखणार नाही, ते घे. ठासणीची हौसच असेल तर त्या हत्यारांच्या जागतिक स्पर्धा भरतात, आणि त्यांत ‘कोल्ट’ नावाचा एक प्रकार आहे.

त्याने ०.३२ साठी अर्ज केला आहे. फाइल अजून फिरते आहे. ‘कॉर्व्हो’वर कोरलेला तो लाकडी नमुना एलिझाबेथबाईंनी संग्रहालयाला दिलेल्या वस्तूंबरोबर हार्टफर्डला जपून ठेवला आहे. मी त्याचा फोटो मेढ्यातल्या आमच्या होड्या बांधणाऱ्या सुताराला दाखवला. त्याने तो बराच वेळ निरखला आणि लाकूड कुठले, एवढेच विचारले.